पालकसभेत न बोललेले

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत पालकसभा झाली आणि ‘मोबाईल आणि आपली मुले’ या विषयावर बोलण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी कोणी ना कोणी यंत्रमागावर काम करते, आया आणि आज्या विड्या वळतात, आणि मुले घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत या दोन्हींच्या जोडीला कन्नड-उर्दू अशी सहज बोलत असतात. मी वीस मिनिटे बोलले. डोळ्यांवरचा ताण, रात्रीची अपुरी झोप, अभ्यासाकडे होणारे दुर्लक्ष, फोन समोर असल्याशिवाय घास न घेणारी लहान मुले, हे सगळे मी मांडले आणि त्यातले काहीही खोटे नव्हते. टाळ्याही वाजल्या. सभा पांगल्यावर मात्र एक आई मागे थांबली. ती म्हणाली, “बाई, फोन काढून घ्या म्हणालात ते पटलं ओ. पण ह्याचा बाप भिवंडीला मागावर असतोय. दिवाळीला येतोय, नाहीतर गड्ड्याच्या यात्रेला. रोज राती पोरगं त्या फोनवरच बापाला बघतंय. काढून घेतला तर बाप कुठनं दावू?”

मला उत्तर देता आले नाही. रोजच्या बोलण्यापुरता फोन राहू द्या, बाकीच्या वेळी आवरून ठेवा, असे काहीतरी मी म्हणाले आणि तिनेही समजूतदारपणे मान हलवली. घरी येताना रिक्षात मला सारखे वाटत राहिले की वीस मिनिटे मी खरे बोलले, पण पुरते खरे बोलले नाही. माझ्या स्वतःच्या घरात फोनने जे दिले आणि जे नेले त्याचा हिशेब मी तिथे मांडलाच नव्हता. तो इथे मांडते आहे.

माझे लग्न १९९६ सालचे. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतल्या केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाईल सुरू झाला. आमच्यासारख्या घरांना त्या बातमीचा काही उपयोग नव्हता. सासरी साधा टेलिफोनही नव्हता आणि माहेर तर उमरग्याच्या पलीकडचे खेडे. महिन्यातून एकदा मी सात रस्त्याजवळच्या पिवळ्या पाटीच्या बूथवर जाई, गावातल्या किराणा दुकानाचा नंबर लावी, आईला बोलावून आणायला सांगून फोन ठेवी आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावी. समोरच्या यंत्रावर लाल आकडे पुढे सरकत राहत. त्यांच्याकडे पाहत बोलायचे म्हणजे जे बोलायचे ते राहूनच जाई, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांसमोर डोळ्यांत पाणी आणणेही बरे दिसत नसे.

१९९९ साली माझ्या वडिलांना रात्री हृदयविकाराचा झटका आला. गावातून कोणीतरी उमरग्याला गेले, तिथून ओळखीच्या एका दुकानात निरोप आला, दुकानातला मुलगा आमचे घर शोधत आला, आणि तो दारात उभा राहिला तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. मी एसटीने पोहोचले तोवर सगळे आटोपले होते. पुढे कितीतरी वर्षे आई मला समजावत असे की थांबवता आले नाही, उन्हाळ्याचे दिवस होते. कोणी फोनला सरसकट नावे ठेवू लागले की मला ती दुपार आठवते. एका कॉलचे अंतर होते. तो फोन तेव्हा असता तर वडील वाचले असते असे मी म्हणत नाही, पण मला त्यांचे तोंड पाहायला मिळाले असते.

मे २००३ पासून आलेल्या फोनचे पैसे लागेनासे झाले आणि त्यानंतर वर्षभरात आमच्या घरात पहिला मोबाईल आला. नोकियाचा तो ११०० नावाचा फोन होता आणि त्याच्या डोक्यावर विजेरी होती. तो घरातल्या सगळ्यांचा होता आणि दूरदर्शन संचाच्या वरच्या फळीवर राहत असे. वाजला की जवळ असेल त्याने उचलायचा. कोणाचा होता, काय म्हणाले, हे आपोआप सगळ्यांना कळे. आज आम्ही चौघे आहोत आणि मुलगा पुण्यात आहे. प्रत्येकाचा फोन वेगळा आहे आणि कोणाला कोणाचा फोन आला हे विचारणे आता आमच्याच घरात थोडे आगाऊपणाचे वाटते. हा बदल कधी झाला ते मला सांगता येणार नाही. फोन फळीवरून खिशात गेला तेव्हाच तो झाला असावा.

सासूबाईंच्या धाकट्या बहिणीविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. मावशी मंगळवेढा तालुक्यात राहतात, काळ्या रानात, जिथली ज्वारी अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पूर्वी दोघी बहिणींची भेट वर्षातून दोनदा होई, एकदा आषाढीला पंढरपुरात आणि एकदा हुरड्याच्या दिवसांत, जेव्हा मावशी गाठोडे बांधून आमच्याकडे येत. त्या आल्या की स्वयंपाकघरातला दिवा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मालवला जात नसे. सहा महिन्यांची साठवण एका रात्रीत उलगडायची असे. कोणाच्या सुनेला काय झाले, कोणती म्हैस व्याली, कोणत्या भावाने बांधावरून भांडण काढले, हे ऐकत ऐकत मी पलीकडच्या खोलीत झोपी जात असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि पुढच्या वर्षी मावशींच्या नातवाने त्यांना मोठा फोन घेऊन दिला. तेव्हापासून रोज रात्री साडेआठला आमच्या घरी व्हिडिओ कॉल येतो. सासूबाईंना फोन नीट धरता येत नाही आणि मावशींनाही येत नाही, त्यामुळे एकीला दुसरीचे अर्धे कपाळ आणि त्यामागचे पत्रे दिसतात, तर दुसरीला हिचा कान आणि आमच्या भिंतीवरचे कॅलेंडर दिसते. त्याने दोघींचे काहीच अडत नाही. आज भाजी काय केली, गुडघा कसा आहे, पाऊस आला का, एवढे बोलणे पाच मिनिटांत संपते. त्यानंतरही फोन चालूच राहतो. सासूबाई शेंगा फोडत बसतात, तिकडे मावशी ज्वारी निवडत असतात, आणि वीस-पंचवीस मिनिटे कोणीच काही बोलत नाही. पहिल्यांदा मी हे पाहिले तेव्हा कॉल चुकून राहिला आहे असे समजून तो बंद करायला गेले. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे गं, ती हाय.”

ते दोन शब्द मी विसरले नाही. लग्न होऊन दोन दिशांना गेलेल्या दोन बहिणी साठ वर्षांनी पुन्हा एका सोप्यात बसून काम करू लागल्या होत्या. गुडघ्यांमुळे सासूबाईंना आता गर्दीत जाता येत नाही. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेत सात नंदीध्वज मिरवत येतात आणि संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात, तो सोहळा माझी मुलगी तिथून फोनवर त्यांना दाखवते. त्याच वेळी मावशीही दुसऱ्या चौकटीत असतात. गर्दीतून ‘हर्र बोला हर्र’चा गजर उठला की इकडे सासूबाई आणि तिकडे मावशी दोघीही आपापल्या घरात अक्षता टाकतात.

पण दोन वर्षांपूर्वी मावशी बऱ्याच दिवसांनी आठ दिवस राहायला आल्या, तेव्हाची गोष्टही मला सांगितलीच पाहिजे. पहिल्या रात्री मी मुद्दाम लवकर आवरले, दोघींना बोलायला मोकळीक मिळावी म्हणून. नऊ वाजता स्वयंपाकघर शांत झाले. मी डोकावले तर दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी विचारले, “काय झालं, झोप आली का?” सासूबाई म्हणाल्या, “रोजच बोलतो की सगळं. आता काय राहिलंय सांगायचं?” मला वाईट वाटले, आणि ते अजूनही वाटते. पहाटेपर्यंत चालणारी ती रात्र आता कधी होणार नाही, कारण साठवायला काही उरतच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी तेलाची वाटी घेतली आणि थोरल्या बहिणीच्या डोक्याला तेल लावत तासभर बसल्या. मग रोज दुपारी तेच. आठ दिवसांत त्या फारसे बोलल्या नाहीत. जाताना मात्र सासूबाई दारात उभ्या राहून रडल्या, साडेआठला दिसणारच आहे हे ठाऊक असूनही रडल्या.

आता मुलांविषयी. पालकसभेत मी पालकांना जाब विचारल्यासारखे बोलले, पण फोन या मुलांच्या हाती कोणी दिला हे मी विसरायला नको होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षकांनीच घरोघर फोन करून सांगितले की मुलाला मोबाईल द्या, अभ्यास त्यावर येणार आहे. कारखाने बंद, माग बंद, विडीचे काम बंद, अशा दिवसांत काही आईबापांनी हप्त्यावर फोन घेतले. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी तीन भावंडांमध्ये एकच फोन होता. काम पुन्हा सुरू झाल्यावर तो वडिलांच्या खिशात कारखान्यात जाई आणि रात्री नऊनंतर घरी येई, मग थोरलीचा अभ्यास, मग मधल्याचा, मग धाकट्याचा. धाकट्याने पाठवलेल्या गृहपाठाच्या फोटोवर रात्री साडेअकराची वेळ असे. मी त्याला शाबासकी पाठवत असे. शाळा उघडल्या तेव्हा तोच मुलगा वर्गात बसून फळ्याकडे दहा मिनिटेही सलग पाहू शकत नव्हता. ही सवय त्याला त्याच्या अडाणी आईने लावली असे कोणी म्हणाले, तर मी ते ऐकून घेणार नाही. त्या दोन वर्षांत दुसरा मार्ग नव्हता हे खरे आहे. पण देताना जितकी घाई केली तितक्या कळकळीने तो परत कसा घ्यायचा हे आम्ही कोणीच शिकवले नाही, हेही तितकेच खरे आहे.

आणि माझ्या स्वतःच्या मुलीच्या बाबतीत जे घडले ते लिहायला मला जड जाते. ती बारावीत होती. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहून पालकांच्या गटावरच्या निरोपांना उत्तरे देत होते, गणवेशाचे माप, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. ती शेजारी येऊन काहीतरी बोलत होती आणि मी ‘हं’ म्हणत होते. शेवटी तिने विचारले, “मग चालेल ना?” मी म्हणाले, “चालेल.” नऊ दिवसांनी मला कळले की ती फिजिक्सच्या क्लासला जातच नव्हती. त्या वेळात ती सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसत असे. मी रागावले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मी तुला सगळं सांगितलं होतं. मला काही समजत नाही, सगळ्यांसमोर उभं करतात, मला भीती वाटते, म्हणून काही दिवस जात नाही असं म्हणाले. तू चालेल म्हणालीस.”

मला त्यातला एक शब्दही आठवत नव्हता. तिच्या आवाजाचाही काही ठसा मनावर राहिला नव्हता. दूर भिवंडीतला बाप फोनमुळे आपल्या मुलाजवळ येऊ शकतो आणि हातभर अंतरावरची आई फोनमुळेच मुलीपासून दूर जाऊ शकते, हे मला त्या दिवशी कळले. मी काही करमणूक करत नव्हते, शाळेचेच काम करत होते, हा बचाव माझ्या तोंडावर आला होता. पण मुलीच्या दृष्टीने त्याने काय फरक पडतो? क्लास आम्ही बदलला. ती गोष्ट मिटली. पण तेव्हापासून ती काही महत्त्वाचे सांगायच्या आधी माझ्या हातांकडे पाहते.

यजमानांचा प्रश्न वेगळा आहे. ते एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतात. पूर्वी कारखान्याचा दरवाजा बंद झाला की काम संपे. आता सुताचे भाव, गाडीचा नंबर, अडलेली बिले, सगळे त्यांच्या फोनवर रात्री दहापर्यंत येत राहते आणि मालकांचा निरोप वाचला की निळ्या खुणा उमटतात, मग उत्तर न देणे उद्धटपणाचे ठरते. त्यांच्या ताटातली कडक भाकरी दह्यात भिजून लगदा होते. याबद्दल मी त्यांच्याशी भांडणे सोडून दिले आहे, कारण यात त्यांचा दोष किती आणि नोकरीचा किती हे मला ठरवता येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक नियम केला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. ही बातमी मी घरात वाचून दाखवली तेव्हा सासूबाई एकदम खुलल्या. सासरे गिरणीत होते. त्या काळात सोलापूर भोंग्यावर चालत असे. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सासूबाई तवा चढवत आणि सासरे दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असे. घड्याळ घरात नव्हतेच. कोणी उशिरा आला तर सगळ्या चाळीला कळे, कारण भोंगा सगळ्यांनी ऐकलेला असे. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले आणि प्रत्येकाचा भोंगा त्याच्या त्याच्या खिशात गेला, तोही दिवसातून शंभरदा वाजणारा.

आम्हीही मग एक तास ठरवला, आठ ते नऊ. भाकरीच्या जुन्या पितळी डब्यात सगळ्यांनी फोन ठेवायचे. पहिल्याच दिवशी अडचण आली, कारण साडेआठला मावशींचा कॉल. मुलगी म्हणाली, नियम तो नियम. सासूबाईंनी काहीच म्हटले नाही, त्या नुसत्या डब्याकडे पाहत बसल्या. फोन वाजू लागला तेव्हा आतून पितळेचा वेगळाच घुमणारा आवाज आला आणि मीच उठून झाकण काढले. आता मावशींचा कॉल येतो तो फोन तेवढा बाहेर असतो, मधोमध तांब्याला टेकवून ठेवलेला, आणि जेवायला बसलेल्या आम्हा सगळ्यांना मावशी दिसतात आणि त्यांना आम्ही. शनिवारी मुलगाही पुण्याहून त्याच कॉलमध्ये येतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस हा तास मोडतो, बहुधा कारखान्यामुळे, कधी माझ्यामुळे. तरी तो आहे.

शेवटची गोष्ट पाण्याची, कारण या शहरात पाण्याशिवाय घरातली कोणतीही गोष्ट पुरी होत नाही. उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटर वाहून आलेले पाणी आमच्या नळाला चार-पाच दिवसांतून एकदा येते आणि ते कधी येईल याचा नेम नसतो. पूर्वी जो पहिला जागा होई तो गल्लीभर कड्या वाजवत जाई. “पाणी आलंऽऽ” ही हाक झोपेतही ओळखू येत असे. आता आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲपचा गट आहे. कोणीतरी दोन शब्द लिहिते आणि चाळीस घरांत दिवे लागतात. लहान मुलांची झोप मोडत नाही आणि कोणाला रात्रभर ताटकळत बसावे लागत नाही. या सोयीचे मोल सोलापूरच्या बायकांना विचारावे.

यंदाच्या एप्रिलमध्ये रात्री पावणेतीनला निरोप आला, दीड तास पाणी आले आणि आम्ही सगळी पिंपे भरून घेतली. सकाळी सहाला गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजी रिकामी घागर घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या. त्या एकट्या राहतात. आयुष्यभर विड्या वळल्या, फोन आहे तो बटणांचा. “राती पाणी आलतं का गं? कुणी हाकच मारली न्हाई,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्यांना खरोखरच समजत नव्हते की गल्लीतली माणसे एकाएकी गप्प कशी झाली. चाळीस घरांतल्या एकालाही त्यांची कडी वाजवायचे सुचले नाही, आणि त्या चाळीसांत माझेही घर होते.

तेव्हापासून निरोप आला की माझी मुलगी फोनचा उजेड धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाते, आजींना उठवते आणि त्यांची भांडी भरेपर्यंत तिथे थांबते. पाणी भरायला पंधरा मिनिटे पुरतात, पण तिला परत यायला कधी कधी तास लागतो. परवा ती पहाटे चारला आली तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. ती त्यांच्या अंथरुणावर बसली आणि विचारू लागली की आजी सांगतात तसा गिरणीचा भोंगा खरेच पार अक्कलकोट रोडपर्यंत ऐकू येत होता का.